विंडोज मारण्याआधी : भाग ९

मागच्या भागात चार्जर आणि बॅटरी पाहिली. या वेळची तक्रार त्यापुढची आहे. बटणाचा दिवा लागतो, पंखा घरघरतो, पण विंडोज काही येत नाही.

लोहा शहरात ही तक्रार जुलैमध्ये सगळ्यात जड जाते. महिनाअखेरीला पीकविम्याची मुदत, सेवा केंद्रापुढं सातबारा आणि पासबुक घेऊन उभी असलेली रांग, आणि त्यात लाइटचं येणं-जाणं. बॅटरी मेलेला जुना लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालतो, लाइट गेली की जागीच बंद पडतो. त्याच क्षणी डिस्कवर काही लिहिणं चालू असेल तर ते अर्धवट राहतं. ते विंडोजच्या कामाचं असलं, की दुसऱ्या दिवशी पडद्यावर नुसते ठिपके गोल फिरत बसतात.

दुकानात नेलं तर उत्तर ठरलेलं : “विंडोज मारावी लागंल.” मारायला, म्हणजे पुन्हा नव्यानं टाकायला, अर्धा-पाऊण तास लागतो, दुकानदारालाही सोपं पडतं. पण त्यात बहुधा सी ड्राइव्ह पुसला जातो, आणि आपण डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं सी ड्राइव्हमध्येच असतं. म्हणून आधी गाडी कुठं अडली ते बघा.

कंपनीचं चिन्हच उमटत नसेल तर विंडोजचा काही संबंध नाही. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुन्हा लावून बघा. नाहीच झालं तर रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं हलके पुसून परत बसवायची. जुन्या यंत्रात एवढ्यानं पुष्कळदा काम होतं.

चिन्ह येतं, पण पुढं ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असं दिसतं? आधी लावलेला पेनड्राइव्ह काढा. हसू नका, तोच निघतो. मग सुरू करताना एफ२ किंवा डिलीट दाबून (कंपनीगणिक बटण बदलतं) सेटिंगमध्ये डिस्कचं नाव दिसतं का पाहा. नाव नसेल तर डिस्क सैल झाली आहे किंवा गेली आहे. नाव आहे, पण तारीख काही वर्षं मागची दाखवतंय, तर आतला नाण्याएवढा सेल संपला असेल. सेटिंग विसरल्यामुळं यंत्र चुकीच्या पद्धतीनं डिस्क शोधत असतं. सेल बदलून सेटिंग पूर्ववत केलं की झालं.

विंडोजचं चिन्ह येऊन ठिपकेच फिरत बसत असतील किंवा निळा पडदा पडत असेल तर बरंच हातात आहे. सुरू होतानाच बटण दाबून दोन-तीनदा बंद केलं की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तिथं ‘स्टार्टअप रिपेअर’, शेवटचं अपडेट काढणं आणि सेफ मोड मिळतात. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक असेच निळे पडले. आपल्याकडं विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून द्यावे लागले. एवढ्या गोंधळावरचा उपाय काय, तर सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसणं. विंडोज मारायची गरज नव्हती. अडचण झाली ती डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असलेल्यांची, कारण त्यांना आधी ४८ आकडी किल्ली शोधावी लागली. तुमची किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असेल. आजच वहीत उतरवून ठेवा.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र यातलं काहीच करू नका. प्रत्येक वेळी चालू केल्यानं ती आणखी बिघडते. बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्याकडं न्या.

बाकी सगळं करूनही मारायचीच वेळ आली, तर उबंटूच्या (विंडोजसारखीच दुसरी प्रणाली) पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून फायली आधी दुसरीकडं घ्याव्यात. तो पेनड्राइव्ह घरच्या घरी कसा तयार करायचा, ते पुढच्या आठवड्यात.