नदीकाठची उमेदवारी

जीवशास्त्राची पदवी हाती आल्यावर पुढे काय, या प्रश्नाला प्रयोगशाळा आणि अध्यापन यांपलीकडचे उत्तर आमच्या कानी क्वचितच येते. म्हणून हे अमेरिकेतील उदाहरण.

मिसिसिपी नदीच्या वरच्या टप्प्यात, चार राज्यांतून २६१ मैल पसरलेले वन्यजीव व मत्स्य अभयारण्य १९२४ साली स्थापन झाले. अभयारण्य खरे, पण तेथे ठराविक मोसमात शिकारीस परवानगी असते, हे आपल्याकडील वाचकास चमत्कारिक वाटेल. अशा अभयारण्यांत नवपदवीधर ठराविक मुदतीसाठी ‘सदस्य’ म्हणून काम करतात. ऑगस्ट-सप्टेंबरात बदके धरावयाची, त्यांचे वय व लिंग तपासावयाचे, पायात क्रमांकाची धातूची कडी अडकवून ती सोडून द्यावयाची. पुढे एखादा शिकारी तो क्रमांक कळवतो. अशा असंख्य नोंदींवरून किती पक्षी जगले, शिकारीस किती मुभा द्यावी, याचा अंदाज बांधला जातो. क्रमांक लिहिताना एक अंक चुकला, की ते बदक हिशेबातून नाहीसे होते. आम्ही इतिहासाचे, नोंदीचे मोल आम्हांस ठाऊक आहे.

मात्र सदस्य म्हणजे कर्मचारी नव्हे. ‘अमेरिकोर’ योजनेतील सदस्यास पगार नव्हे, निर्वाहभत्ता मिळतो. मुदत पूर्ण केल्यास शिक्षणासाठी रक्कम मिळते. भत्ता बेताचा. राहण्याची सोय नसेल, तर गरीब घरचे मूल अर्जच करीत नाही. वसतिगृहात वाढलेल्या वाचकांना हे उलगडून सांगावयास नको.

योजना तेथील नागरिक व कायम रहिवासी यांनाच खुली आहे. आमचे जे माजी विद्यार्थी तेथे स्थायिक झाले, त्यांच्या मुलामुलींनी पक्ष्यांच्या आधी निवासाची चौकशी करावी.