खेळ कोणी जपायचे?

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतून मुलांच्या खेळांविषयी जी तक्रार ऐकू येते ती बहुधा एकाच वाक्यात आटोपते : मोबाइलवरील खेळ वाईट. हुबळी-धारवाडचे पालकही यास अपवाद नाहीत. परंतु खेळ मुळातच वाईट, असे ख्रिस्तसभेने कधी शिकविलेले नाही. संत थॉमस अक्वायनास यांनी खेळकरपणाला सद्गुणांत स्थान दिले, आणि खेळाचे सर्वस्वी वावडे असणे हा दोष मानला. संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ साली आपल्या ग्रंथात निर्दोष करमणुकीची मोकळीक दिली. फाशांच्या जुगारास मात्र मज्जाव केला. तेव्हा खेळ शिकवितो काय, हे आधी पाहावे. दुसरा एक प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे, पण त्याकडे आपले लक्ष जात नाही : हा खेळ उद्या कोणाच्या हाती उरणार?

आपल्या ओळखीची सापशिडी घ्या. तिचे जुने रूप म्हणजे मोक्षपट. महाराष्ट्रात परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते. शिडी सद्गुणाची, साप दुर्गुणाचा आणि शेवटचे घर मुक्तीचे. हा पट कापडावर किंवा कागदावर हाताने काढीत. म्हणून ज्याला जसा हवा तसा तो बदलता येई. जैनांनी चौऱ्याऐंशी घरांचा केला, वैष्णवांनी बहात्तर घरांचा, सूफींनी आपल्या साधनेच्या पायऱ्या त्यात घातल्या. इंग्लंडमध्ये १८९२ च्या सुमारास तो विकावयास आला, तेव्हा पश्चात्तापाच्या शिडीने कृपेच्या घरात जाता येई आणि आळसाचा साप दारिद्र्यात नेऊन सोडी. संगणकाच्या जगात दुसऱ्याच्या खेळात असे फेरफार करण्यास ‘मॉडिंग’ म्हणतात. शब्द नवा आहे, एवढेच. या फेरफारांमुळेच खेळ शतकानुशतके टिकला. पुढे कोपनहेगन विद्यापीठाच्या याकोब श्मिट-मॅडसेन यांनी पश्चिम भारतातील या पटांवर २०१९ साली प्रबंध लिहिला. जुने पट कोणीतरी पेटीत जपून ठेवले, म्हणूनच हे अभ्यासाचे काम होऊ शकले.

तरीही मोक्षपटाविषयी एका धर्मगुरूची शंका राहतेच. तेथे सापाच्या तोंडी जाणे किंवा शिडी चढणे फाशावर अवलंबून असते. खेळणाऱ्याच्या इच्छेला काम नसते. पाप हे तर स्वेच्छेने घडते.

ही उणीव भूमिका घेऊन खेळावयाच्या संगणकीय खेळांनी काही अंशी भरून काढली. रिचर्ड गॅरियट या अमेरिकन रचनाकाराचा ‘अल्टिमा ४’ हा खेळ १९८५ साली निघाला. त्यात शेवटी मारावयाचा राक्षस नाही. प्रामाणिकपणा, दया, त्याग, नम्रता असे आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हावयाचे असते. हा शब्द आपल्याकडूनच गेलेला. एका दुकानात आंधळी विक्रेती बसते. तिला किती नाणी द्यावयाची ते खेळणाऱ्यानेच सांगावयाचे. कमी दिली, तरी ती काही बोलत नाही. खेळ मात्र निमूटपणे त्याची नोंद ठेवतो, आणि प्रामाणिकपणाची वाट पुढे अडते. पापनिवेदनाच्या तयारीसाठी मुलांना समजावताना याहून सोपे उदाहरण मला सापडलेले नाही. हा खेळ आजही खेळता येतो. कारण रसिकांनी नव्या संगणकांसाठी त्याचा सांगाडा पुन्हा लिहिला आणि मालक कंपनीनेही तो मोफत मिळू दिला.

सर्वच खेळांचे नशीब असे नसते. अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ साली केलेल्या पाहणीत, तेथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात मिळेनासे झाल्याचे आढळले. ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ लोकांनी पैसे मोजून घेतला होता. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने आपला सर्व्हर बंद केला आणि घरात एकट्याने खेळणेही थांबले. विकलेली वस्तू अशी हातातून काढून घेणे न्याय्य नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याविरुद्ध युरोपात निघालेल्या अर्जावर २०२५ साली दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. चोरून प्रती काढून विकणे हे अर्थातच जतन नव्हे.

मग आपल्या भागातील खेळांचे काय? हंपीच्या देवळांत दगडी फरशीवर कोरलेले पट अजून दिसतात. त्यांना सर्व्हर लागत नाही. दगड टिकला, पण त्यावर खेळावयाचे नियम माणसांनीच सांगत यावे लागतात. धारवाडकडे चौकाबारा अजून कवड्यांवर किंवा फोडलेल्या चिंचोक्यांवर खेळतात. घराघरांत नियम थोडे निराळे असतात : सोंगटी कधी मारावी, कोणते घर सुरक्षित, दान पुन्हा केव्हा मिळते. वाचकांना विनंती अशी की, या सुट्टीत मुलांनी आजीजवळ बसून ते नियम विचारून घ्यावेत, वहीत पट काढून शेजारी लिहावेत. आणि शेजारणीच्या घरचे नियम वेगळे असतील, तर तेही त्याच पानावर उतरवावेत.