गाव गेले, धून उरली

मला संगीतातले फारसे काही कळत नाही. पण आमचे एक स्नेही परदेशी तबकड्यांचे भारी शौकीन. परवा त्यांच्याकडे चहाला गेलो असता त्यांनी एक धून ऐकवली. आपल्या बाजाच्या पेटीची एक चुलतबहीण असते. ती गळ्यात अडकवून भाता ताणून वाजवतात. तिच्यावरची ती धून अशी भरधाव, की हातातल्या कपबशीने ताल धरावा! "नाव काय हिचे?" मी विचारले. "सॅक्कीयार्वीची पोल्का," ते म्हणाले, "आणि ज्या सॅक्कीयार्वीची ती आहे, ते आज फिनलंडच्या नकाशावर नाही."

मग काय, मास्तराची खोड! घरी येऊन पुस्तके धुंडाळली.

फिनिश भाषेत 'सॅक्की' म्हणजे पोते आणि 'यार्वी' म्हणजे तळे. फिनलंडच्या आखाताकाठी, वीपुरी शहराच्या पश्चिमेला, विखुरलेल्या खेड्यांची ही एक ग्रामीण पालिका होती. वस्ती फिनिश बोलणाऱ्यांची. शेते, जंगल आणि समुद्र यांच्या आधाराने पिढ्या चालल्या होत्या.

३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा फिनलंडवर चालून आल्या. १३ मार्च १९४० ला युद्ध थांबले, पण तहात हा मुलूख गेला. गेलेल्या मुलखातली चार लाखांवर माणसे चंबूगबाळे आवरून निघाली. सदतीस लाखांच्या देशात चार लाख निर्वासित!

१९४१ साली फिनिश सैन्याने मुलूख परत घेतला. वीपुरी हाती आले, पण माघार घेणाऱ्यांनी शहरात सुरुंग पेरून ठेवले होते. दुरून रेडिओवर ठरावीक तीन स्वर वाजले, की स्फोट! काही सुरुंग उडालेही. तेव्हा फिनिश लोकांनी त्याच ध्वनिलहरीवर एक तबकडी अहोरात्र लावून दिली. ती हीच पोल्का, विली वेस्टेरिनेनने वाजवलेली! तिच्या सुरांच्या गर्दीत शत्रूचे तीन स्वर बुडून जात. सप्टेंबर १९४१ पासून फेब्रुवारी १९४२ पर्यंत ती हजारावर वेळा वाजली. तोवर सुरुंगांच्या बॅटऱ्या संपल्या होत्या.

लोक गावी परतले. पडझड सावरली, पुन्हा पेरणी केली. आणि १९४४ साली पुन्हा निघावे लागले. या वेळी कायमचे. सरहद्दीअलीकडे उरलेला तुकडा शेजारच्या पालिकांत गेला. पलीकडच्या गावाला कोंद्रात्येवो असे रशियन नाव मिळाले. १९४५ च्या कायद्याने निर्वासितांना जमिनी मिळाल्या, घरे उभी राहिली. पण जमीन मिळाली म्हणून गाव थोडेच मिळते!

एकदा घर सोडणे मी समजू शकतो. पण परत येऊन, चूल पेटवून, पेरलेले उगवलेले पाहून, दुसऱ्यांदा कुलूप लावताना त्या घरच्या बाईचा हात कसा उचलला असेल? या विचाराशी मी अजून थबकतो.

ज्या धुनेने परक्या शहराची घरे वाचवली, तिला स्वतःचे गाव मात्र राखता आले नाही. पुढे तिला शब्द मिळाले. त्यांत गेलेल्या गावाची खंत आहे. चाल मात्र तीच राहिली, नाचरी. रडगाणे होण्याचे तिने साफ नाकारले.

काल स्नेह्यांकडे पुन्हा गेलो. "लावू का?" त्यांनी विचारले. मी कपबशी आधी खाली ठेवली.