मीटर दारात, रीडिंग हातात. वायफायचा पासवर्ड मात्र घरातच ठेवा

मावळातल्या गावांत फिरताना हल्ली भाताच्या रोपांइतकीच विचारणा मीटरविषयी होते. "साहेब, बोर्डाचा नवा मीटर बसला. त्याला आमच्या वायफायचा पासवर्ड द्यायचा का?" कुणी म्हणते, "मोबाईलवर रोजचं रीडिंग दिसतं म्हणतात, मग जोडायचं कसं?" हा विषय कृषी खात्याचा नव्हे, हे खरे. पण शेतकऱ्याच्या घरातले लाईट बिल शेवटी शेतीच्याच उत्पन्नातून भरले जाते. आणि पासवर्डाच्या नावाखाली कुणी फसवून गेला, तर पैसेही त्याच खात्यातून जातात. म्हणून चार गोष्टी नीट समजून घ्या.

पहिली आणि मुख्य गोष्ट अशी की, महावितरणच्या मीटरला तुमच्या घरच्या वायफायची गरज नाही. तो वायफायला जोडायचा नसतो, आणि मीटर बसवणाऱ्या माणसाला तुमचा पासवर्ड लागत नाही. ओटीपी लागत नाही, बँकेचे कार्डही लागत नाही. मागितलाच, तर तो मीटरवाला नव्हे असे समजा आणि दार लावून घ्या.

मीटर बोलतो कोणाशी?

जुन्या मीटरचे रीडिंग घ्यायला माणूस यायचा, फोटो काढायचा. कुलूप असले की सरासरी बिल यायचे. स्मार्ट मीटरच्या पोटात निरोप पाठवण्याचे साधन बसवलेले असते. काही मीटरांत मोबाईलसारखे सिमकार्ड असते. त्याचे पैसे आपण भरत नाही. काही ठिकाणी शेजारशेजारचे मीटर आपसांत रेडिओने बोलतात, आणि एकाचा निरोप दुसऱ्याकडे असे करत करत तो गोळा करणाऱ्या पेटीपर्यंत पोहोचतो. तिथून तो कंपनीच्या संगणकात जातो. या सगळ्यात तुमचा राउटर कुठेच येत नाही. घरातले नेट बंद पडले, रिचार्ज संपला, तरी मीटरचे काम चालूच राहते.

आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. आंदर मावळात, पवन मावळात, नाणे मावळात डोंगराच्या कुशीत अशा कैक वाड्या आहेत, की जिथे फोन लावायला माणसाला टेकाडावर जावे लागते. तिथे मीटरलाही रेंज मिळणे अवघडच. त्यात लोणावळ्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. मग चार दिवस मोबाईलवर रीडिंग दिसले नाही म्हणून घाबरू नका. मीटर आपली नोंद स्वतःच्या स्मरणात ठेवतो आणि संपर्क झाला की पाठवतो. रीडिंग न दिसणे वेगळे आणि चुकीचे दिसणे वेगळे. मीटरवरचा आकडा डोळ्यांनी पाहून वहीत लिहून ठेवण्याची जुनी सवय म्हणूनच मोडू नका.

विजेशी या तालुक्याचे नाते जुने आहे. टाटांच्या जलविद्युत योजनेचा पायाभरणी समारंभ १९११ साली लोणावळ्यात झाला. वळवण, लोणावळा आणि शिरवता इथल्या तलावांच्या पाण्यावर खोपोलीला वीज तयार होऊन १९१५ मध्ये मुंबईला पोहोचली. ठोकरवाडीच्या पाण्यावरचे भिवपुरीचे वीजघर १९२२ चे. पाणी आपले, उजेड मुंबईचा! आता निदान आपल्या ओट्यावरून किती वीज जाते, हे तरी आपल्याला दिसायला हवे.

परदेशातही यापेक्षा फार वेगळे नाही. इंग्लंडमध्ये नातेवाईक असतील त्यांना विचारा. तिथला स्मार्ट मीटर कंपनीशी बोलतो तो मोबाईलच्या किंवा लांब पल्ल्याच्या रेडिओच्या जाळ्यातून. घरात एक छोटा पडदा देतात, तोही मीटरशी थेट बोलतो, वायफायवरून नव्हे. नेदरलँड्समध्ये मात्र मीटरला ग्राहकासाठी वेगळे भोक ठेवले आहे. त्याला पी-वन म्हणतात. त्यात आपले यंत्र खोचले की रीडिंग थेट घरच्या वायफायवर येते. आपल्या मीटरच्या तोंडावर जे गोल काचेचे ठिकाण दिसते, ते तसले नाही बरं का. ते कंपनीच्या माणसाने यंत्र लावून माहिती काढण्यासाठी असते. तिथे काही खोचायला, चिकटवायला जाऊ नये.

आपल्याला काय पाहता येते

रीडिंग घरी येण्याचा आपला मार्ग उलट्या दिशेचा आहे. मीटरकडून कंपनीकडे आणि कंपनीकडून तुमच्या मोबाईलवर. महावितरणचे ॲप मोबाईलवर घ्यावे आणि बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक त्यात नोंदवावा, म्हणजे वापर दिसू लागतो. स्मार्ट मीटरचे रीडिंग दिवसातून किमान एकदा दुरून घेतले पाहिजे आणि ते ग्राहकाला पाहायला मिळाले पाहिजे, असे केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत जून २०२३ च्या दुरुस्तीने आले आहे. म्हणजे ही कुणाची मेहेरबानी नाही, हक्क आहे.

प्रीपेडची भीती अजून अनेकांच्या मनात आहे. राज्यात विरोध झाल्यावर सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असे तेव्हाचे उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जून २०२४ मध्ये जाहीर केले. नंतर जे बसू लागले ते टीओडी मीटर, म्हणजे आधी वापर आणि मग बिल, फक्त वेळेनुसार नोंद. १ जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून पुढे सवलत जाहीर झाली. दर बदलत असतात, तेव्हा आपल्या ताज्या बिलावर सवलतीची ओळ आहे की नाही ते तपासावे.

आता ही सवलत म्हणजे किती, त्याचा हिशेब करू. एक अश्वशक्तीची घरगुती पाण्याची मोटर तासाला साधारण एक युनिट खाते. रोज अर्धा तास ती दुपारी चालवली तर अर्ध्या युनिटवर ४० पैसे सुटतात, महिन्याला १२ रुपये. दोन हजार वॅटचा गिझर रोज तासभर चालत असेल आणि तो वापर दिवसा आणता आला, तर महिन्याला ४८ रुपये. पण पावसाळ्यात लोणावळ्याचा माणूस गरम पाणी सकाळी सातलाच मागणार! तेव्हा टाकी भरणे, कपड्यांचे यंत्र, इस्त्री, मिक्सर ही कामे दिवसा करावीत. ज्या घरात दोन दिवे, पंखा आणि टीव्ही एवढेच आहे, त्यांनी सवलतीच्या नादात जागरण करू नये आणि काही विकतही घेऊ नये.

खरा फायदा दुसरीकडे आहे. रात्री सगळे झोपलेले असताना मीटर किती पळतो, ते पाहावे. शंभर वॅटचा भार रात्रंदिवस चालू राहिला तर दिवसाला २.४ आणि महिन्याला ७२ युनिट होतात. शंभर युनिटांच्या आतले घर एवढ्याने वरच्या दराच्या टप्प्यात ढकलले जाते. गोठ्यातला विसरलेला दिवा, गिझरचे चालू राहिलेले बटण, खराब झालेला फ्रीज, ओल्या भिंतीत गळणारी वीज, यातले काहीही असू शकते. गळती असेल तर प्रश्न पैशाचा राहत नाही, जिवाचा होतो. भिंतीला झिणझिण्या येत असतील तर मेन स्विच पाडा आणि वायरमनला बोलवा, ॲप नंतर बघा.

यासाठी वायफाय, मोबाईल काहीच नसले तरी चालते. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी आकडा छापलेला असतो. समजा ३२०० छापले आहे, तर दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झाले. घड्याळ लावून एक मिनिट मोजा. सोळा वेळा लुकलुकला तर तासाला ९६० वेळा, म्हणजे घरात त्या क्षणी ३०० वॅट भार चालू आहे. मग एकेक बटण बंद करत जा आणि पुन्हा मोजा. चोर सापडतो. शाळेतल्या पोरांना हे काम सांगितले तर आवडीने करतात.

स्वतःचे यंत्र लावायचे तर

काहींना क्षणाक्षणाचा वापर मोबाईलवर हवा असतो. होमस्टे चालवणारे, फुलांचे शीतघर असणारे, दुधाचा कूलर असणारे, यांची गरज खरी आहे. त्यांनी कंपनीच्या मीटरला हात न लावता मीटरच्या पुढे, म्हणजे घरच्या बाजूला, स्वतःचे मोजणीयंत्र बसवावे. वायफायला जोडायचे ते हे यंत्र.

यात तारेभोवती एक कडी अडकवतात. ती फक्त फेजच्या तारेभोवती हवी. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा कडीतून नेल्या तर रीडिंग शून्य दिसते, कारण जाणारा आणि परत येणारा प्रवाह एकमेकांना खोडून काढतात. थ्री फेज असेल तर तीन कड्या लागतात. आणि हे नीट ऐका: मेन स्विच पाडला तरी मीटरपासून मेन स्विचपर्यंतची तार जिवंतच असते. म्हणून कडी मेन स्विचच्या पुढे, घरातल्या बोर्डात बसवावी. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. यूट्यूब पाहून करू नये. मीटरचे सील तुटले तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरीचे बालंट येऊ शकते, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. "मी फक्त वायफाय जोडत होतो" हे सांगून कुणी ऐकणार नाही.

अशी बहुतेक यंत्रे वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच चालतात. नवे राउटर ५ गिगाहर्ट्झही देतात. मोबाईल त्यावर असला की जोडणी पुष्कळदा होत नाही आणि माणूस यंत्राला दोष देतो. जोडताना मोबाईल २.४ वर ठेवावा. लोखंडी पेटीत, पत्र्याच्या भिंतीआड, जाड दगडी भिंतीमागे लहर पोहोचत नाही. यंत्र पेटीत असेल तर राउटर जवळच्या खोलीत आणावा. आणि मावळातला पाऊस म्हटला की वीज जाणारच. लाईट गेली की राउटरही झोपतो. त्यासाठी राउटरला छोटी बॅटरी लावता येते.

हिशेब मात्र आधी करावा. महिन्याला १२ रुपये वाचवण्यासाठी दोन हजारांचे यंत्र घेतले तर पैसे फिटायला जवळजवळ चौदा वर्षे जातील. तोवर यंत्रही टिकणार नाही.

बंगले आणि राखणदार

लोणावळा-खंडाळ्यात मालक मुंबई-पुण्यात आणि बंगला गावच्या राखणदाराच्या ताब्यात, असे पुष्कळ आहे. मालकाला तिथे बसून वापर पाहायचा असतो. पाहावा, पण एक ध्यानात ठेवावे. विजेचा आलेख घराची दिनचर्या सांगतो. घर केव्हा उठते, केव्हा झोपते आणि केव्हा रिकामे असते, ते त्यात स्वच्छ दिसते. तो चोराच्या हाती लागला तर त्याला टेहळणी करायला नको. यंत्राचा आणि राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा, पाहुण्यांना वेगळे वायफाय द्यावे. राखणदारालाही आलेख दाखवावा. युनिट वाढले की आधी त्याच्यावर संशय जातो. पुरावा त्यालाही पाहता आला तर भांडण होत नाही.

छतावर सौर पॅनेल बसवलेल्यांचा इन्व्हर्टर खरोखरच घरच्या वायफायला जोडलेला असतो. राउटर किंवा पासवर्ड बदलला की तो मुका होतो. वीज मात्र करतच असतो, फक्त मोबाईलवर दिसत नाही. "सोलर बंद पडलं" म्हणून मेकॅनिकला बोलावण्याआधी नवा पासवर्ड टाकला होता का, ते आठवावे. शेतीपंपाचा मीटर या स्मार्ट मीटर योजनेत नाही, तेव्हा विहिरीवर पासवर्ड मागायला कुणी आला तर विचारायलाच नको.

बिल अवाच्या सवा आले तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. वापराशी रीडिंग जुळत नाही अशी तक्रार असेल, तर पाच दिवसांत पडताळणीचा दुसरा मीटर बसवून किमान तीन महिने वापर तपासला पाहिजे, असे फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीत आहे. तक्रारीत याचा उल्लेख करावा. महावितरणचा क्रमांक १९१२. "आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा" असा संदेश आला तर त्या नंबरवर फोन करू नका, लिंक उघडू नका. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० हा सायबर मदत क्रमांक लावावा. जितका लवकर लावाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.