विहिरीतून शर्यतीच्या तलावाकडे

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अनेक मुले पाठीला सुकलेला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. डोके वर ठेवून काठ गाठता आला, की पोहणे आले! पुढे असे मूल क्लबच्या सरावाला जाते आणि दोन फेऱ्यांतच दमते. आपण म्हणतो, "याच्यात दमच नाही." पण दोष खरोखर दमाचा असतो का?

फुफ्फुसांतील हवेमुळे छाती तरंगते, पाय मात्र जड असतात. डोके वर काढले की पाय खाली जातात आणि तिरक्या शरीराला जास्त पाणी ढकलावे लागते. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट! त्यात वेग दुप्पट केला तर पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो, लागणारी शक्ती आठपट. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्यांचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २ मीटरच होता. जमिनीवर आपण सावकाश धावतो, तेवढाच!

म्हणून क्लबमध्ये आधी शरीर आडवे ठेवणे आणि पाण्यात श्वास सोडणे शिकवतात, जोर नंतर.

प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली एक प्रयोग करून पाहू. भिंतीला पायांनी रेटा देऊन, हातपाय न हलवता पुढे जायचे. एकदा डोके वर ठेवून, एकदा हात ताणून व तोंड पाण्यात घालून. दोन्ही अंतरे मोजली, की 'दम' कुठे वाया जातो, हे मुलांनाच कळेल.