बक्षीची गणती

लखनौहून सीतापूरकडे जाताना बख्शी का तालाब हे तहसिलीचे गाव लागते. बख्शी म्हणजे आपल्या जुन्या दफ्तरांतला बक्षी. फौजेची हजेरी घेऊन, माणसे-घोडी मोजून, मगच पगार वाटणारा अंमलदार. परंतु हजर असलेला मनुष्य काम किती करतो, आणि जे करीत नाही ते आळसापायी की अडचणीपायी, हे हजेरीपटावरून कसे कळावे?

समजा, याच तहसिलीतील दोन आरोग्यकेंद्रांत डॉक्टर, खाटा आणि औषधे सारखीच असून एकात रोगी पुष्कळच कमी तपासले जातात. त्याला तडकाफडकी कामचुकार ठरविणे अन्यायाचे होईल; त्या साली रस्ताच पाण्याखाली गेला असेल. १९७७ साली एग्नर, लव्हेल आणि श्मिट या अर्थशास्त्रज्ञांनी अशा तुटीची वाटणी करण्याची युक्ती मांडली. उपलब्ध साधनांत अधिकात अधिक किती काम होईल, याची सीमारेषा आकड्यांवरून काढावयाची. दैवयोग कामाला त्या रेषेच्या कधी वर नेतो, कधी खाली, पण ढिलाई मात्र सदैव खालीच ओढते, आणि या एकांगी ओढीवरूनच तिचा माग लागतो.

तथापि एका वर्षाच्या आकड्यांवर एखाद्या केंद्राचा निवाडा करू नये. दैव पालटते, खोड टिकते. म्हणून तेच केंद्र वर्षानुवर्षे पाहावे लागते. शेतीतही लागू पडणाऱ्या या युक्तीची एक प्रसिद्ध कसोटी आपल्याच शिवारात झाली, हे फारसे कोणास ठाऊक नसते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेतीसंशोधन संस्थेने १९७५ पासून सोलापूरचे शिरापूर, अकोल्याचे कानझरा इत्यादी गावांतील शेतकऱ्यांच्या नोंदी चिकाटीने ठेवल्या. त्यांतील दहा वर्षांच्या नोंदींवरून ऑस्ट्रेलियातील अर्थशास्त्रज्ञ कोएली आणि बॅटीझ यांनी १९९६ साली वय, शिक्षण, जमीन आणि नोंदीचे वर्ष यांचा अकार्यक्षमतेशी संबंध तपासला.

खरी मेख पुढेच आहे. नदीकाठची वस्ती हे केंद्राचे कायमचे दुर्दैव, आणि बेफिकीर कारभार हा कायमचा दोष. दोन्ही दरसाल सारखेच दिसतात. कायमची सारी तफावत ढिलाईच्या खाती टाकली तर निरपराध भरडला जातो. सारी परिस्थितीच्या खाती टाकली तर मुरलेला आळशी सुटतो. हाच घोटाळा देशांच्या बाबतीतही झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली १९१ देशांच्या आरोग्यव्यवस्थांची क्रमवारी लावली, तीत भारत ११२ वा होता. अर्थशास्त्रज्ञ विल्यम ग्रीन यांनी २००४ साली तेच आकडे घेऊन दाखविले की, देशादेशांतील मूळ भिन्नता बऱ्याच अंशी अकार्यक्षमतेच्या नावे जमा झाली होती. संघटनेने तशी क्रमवारी पुन्हा प्रसिद्ध केलेली नाही.