दिदरोचे वाक्य आणि शार्दाँचे चित्र

ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांत फ्रेंच आणि कलेतिहास हे विषय एकाच पदवीसाठी जोडून घेता येतात. असा अभ्यासक्रम बहुधा चार वर्षांचा असतो आणि त्यांपैकी तिसरे वर्ष विद्यार्थी फ्रान्समध्ये किंवा अन्य फ्रेंचभाषक प्रदेशात काढतो. वेळापत्रकात भाषेचे तास एकीकडे आणि कलेतिहासाची व्याख्याने दुसरीकडे असली, तरी या दोहोंची खरी गाठ चित्राचे वर्णन करताना पडते.

इंग्रजीत 'स्केच' या एका शब्दावर जे भागवले जाते, त्यासाठी एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच चित्रशाळांत वेगवेगळ्या संज्ञा रूढ होत्या: 'एत्यूद' म्हणजे वस्तू, देह किंवा निसर्ग समोर ठेवून केलेला अभ्यास, 'एस्कीस' म्हणजे संकल्पित चित्राच्या रचनेचा कच्चा आराखडा, आणि 'एबोश' म्हणजे अंतिम चित्राच्याच कॅनव्हासवर दिलेला रंगाचा पहिला थर. हा भेद ठाऊक नसेल, तर १८७४ च्या प्रदर्शनानंतर दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांवर झालेली टीका निव्वळ कर्मठपणाची वाटते; तो ठाऊक असणाऱ्याला मात्र कळते की, चित्रशाळेतच राहावयाची पूर्वतयारी पूर्ण चित्र म्हणून भिंतीवर टांगली गेली, अशी ती नेमकी तक्रार होती.

याहून खोलवरचे काम अठराव्या शतकातील फ्रेंच लेखक देनी दिदरोच्या लेखनात करावे लागते. पॅरिसच्या 'सालों'ची, म्हणजे राजाश्रित अकादमीच्या चित्र-शिल्प प्रदर्शनांची, परीक्षणे त्याने १७५९ पासून लिहिली. ती हस्तलिखित प्रतींतून परदेशी दरबारांतील मोजक्या वर्गणीदारांकडे जात आणि मूळ चित्रे त्या वाचकांच्या दृष्टीस सहसा पडत नसल्यामुळे चित्राची उणीव शब्दांनाच भरून काढावी लागे. १७६३ च्या परीक्षणात त्याने चित्रकार शार्दाँच्या ऑलिव्हच्या बरणीच्या चित्राविषयी जे वाक्य लिहिले आहे (जवळ या, सारे विरते; दूर व्हा, सारे पुन्हा घडते), ते आधी व्याकरणाच्या अंगाने सोडवावे लागते. जवळ येण्याची आणि दूर होण्याची सूचना आज्ञार्थी क्रियापदांनी प्रेक्षकाला दिली आहे, तर चित्राच्या वाट्याला बहुतेक आत्मवाची क्रियापदे, म्हणजे कर्त्याची क्रिया कर्त्यावरच वळवणारी रूपे, आली आहेत. त्यामुळे पावले प्रेक्षकाची हलतात, परंतु विरते आणि पुन्हा घडते ते चित्र, आणि तेही आपणहून. 'विरणे', 'मिटणे', 'घडणे' अशी अकर्मक क्रियापदे हाताशी असलेल्या मराठी वाचकाला ही खुबी चटकन उमगावी.

हे चित्र लूव्ह्र संग्रहालयात आहे, आणि तिसऱ्या वर्षी पॅरिसला पोहोचलेल्या विद्यार्थ्याला दिदरोच्या सूचनेप्रमाणे पुढे-मागे होऊन ते वाक्य पारखता येते. येथे 'फाक्त्यूर' ही संज्ञा उपयोगी पडते: व्यवहारात तिचा अर्थ दुकानाचे बिल असा असला, तरी चित्रकलेत ती रंग लावण्याच्या हाताळणीसाठी, म्हणजे थराचा जाडपणा, फटकाऱ्याची दिशा आणि हाताचा वेग यांसाठी वापरली जाते.

एक धोका मात्र लक्षात घ्यावयास हवा. दिदरोची भाषा इतकी समर्थ आहे की, आधी तिला वाचून चित्रापाशी गेलेला विद्यार्थी तिने सांगितले तेवढेच पाहून परततो. म्हणून चित्रासमोर उभे राहून स्वतःचे वर्णन, तुटक्या फ्रेंचमध्ये का होईना, प्रथम लिहून काढावे आणि मगच १७६३ चे परीक्षण उघडावे.